आधी हातातलं बघ: ट्रान्समीटरच्या स्टिकचा बिघाड कसा शोधायचा

पुण्याबाहेरच्या एका माळावर आम्ही काही जण रविवारी सकाळी रेडिओ कंट्रोलची विमानं उडवतो. दोन वर्षांपूर्वी माझं फोमचं ट्रेनर तिथे सरळ जाता जाता मध्येच डावीकडे कलायला लागलं. मी म्हटलं, वारा असेल. पुढच्या रविवारी वारा नव्हता, विमान तरी कललंच. मग सर्व्होवर, म्हणजे पंख-शेपटीचे पल्ले हलवणाऱ्या छोट्या मोटरवर, संशय आला. एक बदलला, मग दुसराही बदलला. रिसीव्हर, म्हणजे विमानातला संदेश घेणारा भाग, बदलायच्या बेतात होतो, तेवढ्यात मैदानावरचे एक निवृत्त काका शेजारी येऊन उभे राहिले. विमानाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. "अरे, ते सोड. आधी हातातलं बघ," म्हणाले आणि माझ्याच ट्रान्समीटरच्या, म्हणजे हातातल्या रेडिओच्या, स्क्रीनवर चॅनलचे पट्टे उघडून दिले, प्रत्येक हालचालीला एक. मी स्टिकला हात लावलेला नव्हता, आणि एलेरॉनचा, म्हणजे विमान डावी-उजवीकडे कलवणारा, पट्टा टुणकन उडी मारून जागेवर परत येत होता.

दोन नवे सर्व्हो अजून खोक्यात पडून आहेत. तुमचे पैसे असे जाऊ नयेत म्हणून हा लेख. विमान असो, ड्रोन असो की बोट, ज्या रेडिओला दोन स्टिक आहेत त्याला यातलं जवळपास सगळं लागू पडतं. पिस्तुलासारख्या, चाक फिरवायच्या कारच्या रेडिओलाही तत्त्व तेच.

काय काय जवळ हवं

- तुमच्या रेडिओची पुस्तिका. हरवली असेल तर कंपनीच्या साइटवरून उतरवून घ्या.
- लहान फुलीचा स्क्रू ड्रायव्हर आणि दीड-दोन मिलिमीटरच्या ॲलन की.
- चिमटा, मऊ ब्रश, मोबाइलचा कॅमेरा.
- मल्टिमीटर. साधा चालेल, काट्याचा जुना मिळाला तर सोन्याहून पिवळं. का ते पुढे येतं.
- आयसोप्रोपिल अल्कोहोल, जितकं शुद्ध तितकं बरं, किंवा इलेक्ट्रॉनिक्ससाठीचा काँटॅक्ट क्लीनर.
- थोडं सिलिकॉन ग्रीस.
- वायर तुटली असेल तर २५ वॉटची सोल्डरिंग गन आणि बारीक सोल्डर.
- स्क्रू ठेवायला काठ असलेली ताटली.

पुण्यात हे सगळं बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत एका फेरीत मिळतं, मुंबईत लॅमिंग्टन रोडला. पण लगेच उठून जाऊ नका. निम्म्या तक्रारी एकही स्क्रू न काढता मिटतात.

१. प्रॉपेलर काढा

हे सांगावं लागू नये, पण लागतं. स्टिक बिघडली आहे म्हणजे थ्रॉटल (मोटरचा वेग) कधीही आपोआप वर जाऊ शकतो. टेबलावर विमान, समोर तुम्ही आणि मोटरला प्रॉप, असं एक क्षणही नको. प्रॉप काढूनच टाका. "फक्त पाच मिनिटं बघतो" म्हणणाऱ्यांची बोटं मी पाहिली आहेत.

२. बिघाड स्टिकचाच आहे का, ते ठरवा

स्टिकवर आळ येतो, पण चोर बरेचदा वेगळाच असतो. मैदानावर नेहमी दिसणारे हे काही प्रकार.

ट्रिम (उडताना विमान सरळ ठेवायची बारीक दुरुस्ती) सरकलेला असतो. स्टिकच्या कडेची ती बारीक बटणं बॅगेत, खिशात, पोरांच्या हातात दाबली जातात. विमान सतत एकाच बाजूला, एकाच प्रमाणात ओढत असेल तर आधी सगळे ट्रिम शून्यावर आणून बघा.

चुकीचं मॉडेल निवडलेलं असतं. मेमरीत दहा मॉडेलं असली की हे होतंच. सगळी स्टिक उलटी किंवा अर्धवट चालत असेल तर स्क्रीनवरचं नाव वाचा.

ड्युअल रेटचा, म्हणजे सर्व्होची हालचाल कमी करणारा, स्विच खाली राहिलेला असतो. मग स्टिक शेवटपर्यंत नेली तरी सर्व्हो अर्धाच फिरतो आणि आपण म्हणतो स्टिक मेली.

एक स्टिक हलवली की भलतंच काहीतरी हलतं. हा चॅनलच्या क्रमाचा घोळ. फुटाबा कंपनीच्या पद्धतीत एलेरॉन, एलिव्हेटर (नाक वर-खाली), थ्रॉटल, रडर (नाक डावी-उजवीकडे) असा क्रम असतो. जेआर आणि स्पेक्ट्रमच्या पद्धतीत थ्रॉटल पहिला येतो. रिसीव्हर एका घराण्याचा आणि सेटिंग दुसऱ्या घराण्याचं झालं की ही गंमत होते. मोड १ आणि मोड २ हा तसाच दुसरा गोंधळ: मोड २ मध्ये थ्रॉटल डाव्या हातात, मोड १ मध्ये उजव्या. आपल्याकडे बहुतेक जण मोड २ वर उडवतात, जुने काही जण मोड १ वर. जुना रेडिओ विकत घेताना हे विचारून घ्या.

थ्रॉटलची स्टिक सोडल्यावर मध्ये येत नाही, अशी तक्रार घेऊनही लोक येतात. ती यायचीच नसते. नेहमीच्या रेडिओत थ्रॉटलला स्प्रिंग नसते, ठेवाल तिथे ती राहते. खेळण्यातल्या, उंची आपोआप धरणाऱ्या काही ड्रोनच्या रिमोटला मात्र मध्यावर येणारा थ्रॉटल असतो. सुरुवात त्यावर झाली असेल तर खरा रेडिओ बिघडलेला वाटतो.

आता सर्व्हो थरथरतोय, तर दोष कोणाचा? रिसीव्हरवर एलेरॉनचा आणि एलिव्हेटरचा प्लग अदलाबदल करा. थरथर सर्व्होबरोबर दुसऱ्या चॅनलवर गेली तर सर्व्हो खराब. थरथर त्याच चॅनलवर राहिली आणि आता दुसराच सर्व्हो नाचायला लागला, तर दोष अलीकडे, रेडिओत. मी हे एक मिनिटाचं काम केलं असतं तर वरचे दोन सर्व्हो वाचले असते. आणि सगळेच सर्व्हो एकदम थरथरत असतील तर विमानातला वीजपुरवठा तपासा, स्टिकला बोल लावू नका.

३. स्टिकच्या आत काय असतं

स्टिक ज्या चौकटीत बसते तिला गिंबल म्हणतात. त्यात दोन अक्ष असतात, एक आडवा, एक उभा. प्रत्येक अक्षाला एक स्प्रिंग (थ्रॉटलचा अक्ष सोडून), तिला जोडलेला एक दांडा आणि स्टिक कुठे आहे ते सांगणारा एक सेन्सर.

सेन्सर दोन जातींचे. जुन्या आणि स्वस्त रेडिओत, उदाहरणार्थ फ्लायस्कायच्या एफएस-आय सिक्समध्ये, पोटेन्शिओमीटर असतो. सगळे त्याला पॉट म्हणतात. जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात असतो तोच. आत कार्बनचा पट्टा आणि त्यावर घासत फिरणारी एक टाचणीएवढी पाती. घासतं म्हणजे झिजतं. शिवाय पॉट पूर्ण फिरला तर पाऊण वर्तुळाहून जास्त फिरेल, पण स्टिक त्याला जेमतेम ६० अंशांत खेळवते. म्हणजे सगळी झीज पट्ट्याच्या मधल्या तुकड्यावर होते. त्यातही स्टिक मध्यावरच जास्त वेळ असते आणि तिथेच आपण हलकेहलके दुरुस्त्या करत राहतो, म्हणून खड्डा पहिला पडतो तो बरोबर मध्यावर.

दुसरी जात हॉल सेन्सरची. स्टिकबरोबर एक छोटं चुंबक फिरतं आणि समोरची चिप त्याचं चुंबकीय क्षेत्र मोजते. कशाला काही घासत नाही, त्यामुळे झीज नाही. रेडिओमास्टरच्या टीएक्स सिक्स्टीन एस, बॉक्सर वगैरे रेडिओंत हेच असतात. मात्र झीज नाही म्हणजे बिघाडच नाही असं नव्हे.

४. स्क्रीनवर दहा मिनिटं बसा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि हीच लोक गाळतात. हातात स्क्रू ड्रायव्हर आला की माणसाला धीर धरवत नाही.

एफएस-आय सिक्समध्ये मेनूत फंक्शन्समध्ये 'डिस्प्ले' नावाचं पान आहे, तिथे चॅनलचे पट्टे दिसतात. एजटीएक्स या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या रेडिओत चॅनल मॉनिटर आहे, शिवाय हार्डवेअरच्या पानावरून ॲनालॉगचं चाचणी-पान उघडतं, जिथे स्टिकचे आकडे ट्रिम-मिक्स काही न मिसळता दिसतात. ते सगळ्यांत प्रामाणिक. एजटीएक्स २०२१ मध्ये ओपनटीएक्समधून वेगळं झालं, त्यामुळे ओपनटीएक्सच्या जुन्या रेडिओतही वाट साधारण अशीच सापडते. फ्लायस्कायच्या सीटी सिक्स बी सारख्या रेडिओला स्क्रीनच नाही, तो केबलने कॉम्प्युटरला जोडूनच बघावा लागतो. यूएसबी जॉयस्टिकची सोय असलेला रेडिओ असेल तर विंडोजच्या गेम कंट्रोलरच्या खिडकीतही पट्टे दिसतात. ड्रोनवाल्यांना बीटाफ्लाइट या ड्रोनच्या सॉफ्टवेअरचा रिसीव्हर टॅब आहेच: मध्यावर १५०० आणि दोन्ही टोकांना १००० ते २००० च्या आसपास आकडे दिसायला हवेत.

आता एकेका अक्षावर हे चार प्रयोग करा आणि कागदावर लिहून ठेवा.

पहिला, हात न लावता. रेडिओ टेबलावर ठेवा, अर्धा मिनिट नुसतं बघा. आकडा एखाद्या टक्क्याने लुकलुकला तर हरकत नाही. उड्या मारत असेल तर पॉट घाणेरडा आहे किंवा कुठे लूज काँटॅक्ट आहे.

दुसरा, सोडून देण्याचा. स्टिक उजव्या टोकाला नेऊन हळूच सोडा, आकडा लिहा. मग डाव्या टोकाला नेऊन सोडा, पुन्हा लिहा. एक-दोन टक्क्यांचा फरक मी चालवून घेतो. एकीकडून ४ आणि दुसरीकडून उणे ५ येत असेल तर स्प्रिंग ढिली आहे, सांध्यात कचरा आहे किंवा पॉटचा दांडा त्याच्या खाचेत खेळतोय.

तिसरा, सावकाश फेरी. या टोकापासून त्या टोकापर्यंत स्टिक दहा आकडे मोजत न्या. पट्टा लोण्यासारखा सरकला पाहिजे. एकाच जागी प्रत्येक वेळी झटका बसत असेल तर तिथे कार्बनचा पट्टा झिजलाय. झटका कधी इथे, कधी तिथे असेल तर धूळ.

चौथा, टोकं. दोन्ही बाजूंना आकडा १०० पर्यंत जातो का? ९३ वरच थांबत असेल तर बहुधा नुसतं कॅलिब्रेशन हवं आहे.

एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा: बिघाड एकाच अक्षात आहे की चारही एकदम हलतात? चारही पट्टे एका तालात नाचत असतील तर चारही पॉट एकाच दिवशी खराब होत नसतात. बॅटरी उतरली आहे, सेलच्या डब्याच्या पट्ट्या गंजल्या आहेत किंवा सगळ्यांना सामायिक असलेली वायर सैल आहे. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा रेडिओ काढला की हे फार दिसतं. कोकणात, गोव्यात समुद्राच्या जवळ राहणाऱ्यांच्या सेलच्या पट्ट्यांवर तर हिरवा थरच चढतो.

५. कॅलिब्रेशन

कॅलिब्रेशन म्हणजे रेडिओला पुन्हा शिकवणं, की बाबा हा मध्य आणि ही तुझी टोकं. ट्रिम, सबट्रिम आणि कॅलिब्रेशन या तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत. ट्रिम हवेतल्या विमानासाठी, सबट्रिम सर्व्होचा हात काटकोनात आणण्यासाठी, कॅलिब्रेशन स्टिकसाठी. स्टिकचा दोष ट्रिमने झाकला तर तो त्या दिवसापुरता झाकला जातो. मी तेच करत होतो, दर रविवारी दोन-दोन टिचक्या.

एजटीएक्समध्ये एसवायएस बटणाने रेडिओच्या सेटिंगमध्ये जा, हार्डवेअरचं पान काढा, तिथे कॅलिब्रेशन. एंटर दाबलं की सगळं मध्यावर आणायला सांगतं. पुन्हा एंटर, मग सगळ्या स्टिक, फिरकी बटणं आणि स्लायडर दोन्ही टोकांना न्या. शेवटी एंटर. बाकी रेडिओंत बटणांचा क्रम निराळा असतो, तो पुस्तिकेतूनच घ्या. कुणाच्या तरी आठवणीवर जाऊ नका.

इथे तीन खड्डे आहेत. 'मध्यावर आणा' म्हटल्यावर थ्रॉटलसुद्धा मध्यावर आणायचा असतो, तो आपोआप येत नाही. नवशिके तो खालीच ठेवतात आणि मग थ्रॉटलचा मध्य भलतीकडे बसतो. दुसरा खड्डा, मध्य घेताना अंगठा स्टिकवर टेकलेला राहतो. हात काढा. तिसरा, टोकं घेताना लोक स्टिक चौकटीवर जोर लावून दाबतात. प्लास्टिक किंचित वाकतं, रेडिओ ते वाकलेलं टोक खरं धरतो आणि उडवताना तुम्ही कधीच १०० वर पोचत नाही. हलक्या हाताने गोल फिरवा, बस.

कॅलिब्रेशननंतर चारही प्रयोग पुन्हा करा. सगळं जागेवर आलं तर लेख इथेच मिटा आणि उडवायला जा. दोन दिवसांत पुन्हा तेच झालं तर मात्र उघडावं लागणार.

जाता जाता: एजटीएक्समध्ये 'एडीसी फिल्टर' नावाची एक सोय आहे, ती बारीक थरथर गुळगुळीत करते. फ्लाइट कंट्रोलर (ड्रोन सांभाळणारा छोटा संगणक) असलेल्या ड्रोनसाठी ती बंद ठेवायची असते. पॉटचा रोग तिच्यामागे लपवू नका. बीटाफ्लाइटच्या डेडबँडचंही (मध्याजवळची बारीक हालचाल न मोजणारी सोय) तेच. एक-दोन आकड्यांची लुकलुक झाकायला ठीक, उडी झाकायला नाही.

६. उघडताना

वॉरंटी चालू असेल तर उघडू नका, दुकानात द्या. नसेल तर आधी सेल किंवा बॅटरी बाहेर काढा. लिथियमचे १८६५० सेल असतील तर ते ठेवलेल्या जागी किल्ल्या-नाणी नाहीत ना ते बघा.

मागचे स्क्रू काढताना प्रत्येक जागेचा फोटो घ्या. सगळे स्क्रू सारखे दिसतात, पण एखादा लांब असतो आणि तो चुकीच्या भोकात गेला तर सर्किट बोर्डात शिरतो. झाकण झटक्यात ओढू नका. अँटेनाची बारीक वायर, बॅटरीचा प्लग, कधी स्पीकर, असं काहीतरी दोन्ही अर्धांना जोडलेलं असतं. पुस्तक उघडावं तसं उघडा आणि आत डोकावून बघा.

उघडल्यावर आधी नुसतं नाकाने आणि डोळ्यांनी. जळका वास येतो का? वायरीच्या मुळाशी पांढरं-हिरवं काही? स्टिकच्या बुडाशी बारीक काळी माती? माळावरची माती स्टिकभोवतीच्या फटीतून आत जाते आणि घामाबरोबर तिथे लेप बसतो. मऊ ब्रशने झाडा. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते.

७. स्प्रिंग आणि ताण

स्टिक मध्यावर येतच नाही, लुळी पडते, असं असेल तर स्प्रिंग तुटली आहे किंवा हुकातून निसटली आहे. निसटली असेल तर चिमट्याने परत अडकवायची, दोन मिनिटांचं काम. फक्त दुसरा हात वर आडवा धरा. माझी स्प्रिंग सुटली ती थेट फ्रिजखाली. अर्धा तास पालथा पडून टॉर्च मारला, शेवटी जुन्या स्पीकरचं चुंबक दोरीला बांधून आत सोडलं तेव्हा ती चिकटून बाहेर आली, बरोबर एक बांगडीची टिकली आणि दोन टाचण्या घेऊन.

स्प्रिंगचा ताण कमीजास्त करायला गिंबलवर स्क्रू असतात. टीएक्स सिक्स्टीन एसमध्ये मागची रबरी पकड काढली की त्यांची भोकं दिसतात, झाकण उघडावंही लागत नाही. पाव-पाव फेरा द्या आणि प्रत्येक वेळी हाताने बघा. थ्रॉटलच्या बाजूला पत्र्याची एक पातळ पट्टी असते. ती दातेरी भागावर टेकली की थ्रॉटल टकटक करत जातो, गुळगुळीत भागावर टेकली की नुसता जड लागतो. विमानवाल्यांना टकटक आवडते, ड्रोनवाल्यांना ती नको असते. फार आवळली तर पट्टी प्लास्टिक खरवडते आणि तो कीस खाली पॉटमध्ये जातो.

सांधे कुरकुरत असतील तर काडीच्या टोकावर येईल एवढंच सिलिकॉन ग्रीस, तेही फक्त सांध्याला. शिलाई मशीनचं तेल, खोबरेल, सायकलचं ग्रीस यांतलं काहीही नको. ते वाहतं, धूळ धरतं, आणि काही तेलांनी प्लास्टिकही ठिसूळ होतं.

स्टिकची वरची टोपी गोल फिरत असेल तर आतला बारीक ॲलन स्क्रू किंवा दोन भागांची लॉकची चकती आवळायची राहिली आहे. क्षुल्लक गोष्ट, पण लँडिंगच्या वेळी टोपी हातात येते तेव्हा क्षुल्लक वाटत नाही.

८. वायर

प्रत्येक पॉटला तीन वायरी: दोन टोकांना वीज आणि ग्राउंड, मधली सिग्नलची. स्टिक हजारो वेळा हलते, तशा याही हलतात आणि सोल्डरच्या अगदी मुळाशी तुटतात. वरचं आवरण शाबूत असतं, आतली तार तुटलेली. म्हणून नुसतं बघून कळत नाही, चिमट्याने हळूच हलवून बघावं लागतं.

स्क्रीनवरूनही अंदाज येतो. आकडा एका टोकाला चिकटून बसला आणि स्टिक हलवून काहीच फरक पडत नाही, तर बाहेरच्या दोन वायरींपैकी एक तुटली आहे. ग्राउंड गेली तर तो एका टोकाला चिकटतो, वीज गेली तर विरुद्ध टोकाला. आकडा वाऱ्यावर सोडल्यासारखा भटकत असेल, हात जवळ नेला तरी बदलत असेल, तर मधली गेली आहे. स्टिक ठरावीक कोपऱ्यात नेल्यावरच असं होत असेल तर तुटायच्या बेतात आहे.

थ्रॉटलची वायर जाऊन आकडा वर चिकटला की एफएस-आय सिक्स सुरूच होत नाही. 'सगळे स्विच वर करा, थ्रॉटल खाली आणा' ही सूचना स्क्रीनवरून हलत नाही, थ्रॉटल खाली असूनसुद्धा. लोक रेडिओ मेला समजतात. ड्रोनचंही तसंच, थ्रॉटलचा आकडा पुरेसा खाली आला नाही तर बीटाफ्लाइट आर्म होऊ देत नाही, म्हणजे मोटर सुरूच करू देत नाही. तिथे, आणि विमानाच्या ईएससीने (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या भागाने) नुसतं पिप-पिप केलं तरी, आधी हाच आकडा बघा.

नवीन वायर लावताना मऊ, अनेक तारांची घ्या आणि थोडी सैल कमान ठेवा. स्टिक चारही कोपऱ्यांत फिरवून ती कुठे ताणली किंवा चेपली जात नाही ना ते बघूनच झाकण लावा.

९. पॉट: साफ करणं आणि बदलणं

आधी मोजा. गिंबलचा प्लग बोर्डातून काढा, नाहीतर मीटर बोर्डावरचे बाकीचे भागही मोजेल. बाहेरच्या दोन पायांमध्ये बहुतेक रेडिओंत ५ किलोओहमच्या आसपास येतं. मग मधला आणि एक बाहेरचा पाय पकडून स्टिक सावकाश फिरवा. आकडा शून्यापासून पाचपर्यंत जाणार नाही, मधल्याच टापूत फिरेल. ते बरोबर आहे, घाबरून पॉट फेकू नका. बघायचं ते हे, की बदल सलग आहे का. डिजिटल मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, क्षणभराची खोट त्याच्या हातून निसटते. काट्याच्या मीटरवर काटा दचकतो आणि लगेच दिसतो.

धूळ असेल तर पायांजवळच्या फटीतून अल्कोहोलचे दोन-तीन थेंब सोडा आणि स्टिक टोकापासून टोकापर्यंत तीस-चाळीस वेळा फिरवा. पंधरा मिनिटं वाळू द्या. जवळ गॅस-उदबत्ती नको. कोविडच्या काळातलं सॅनिटायझर घरोघरी उरलंय, ते इथे वापरू नका: त्यात पाणी असतं आणि बरेचदा ग्लिसरीन, म्हणजे नवीन चिकटपणा. साधं डब्ल्यूडी-फॉर्टीही नको, ते मागे तेलकट थर ठेवतं. त्याच कंपनीचा काँटॅक्ट क्लीनर वेगळा, तो चालतो.

साफ करून महिनाभर नीट चाललं आणि पुन्हा उडी त्याच जागी आली, तर पट्टा झिजला आहे. आता बदलणंच. सुटा पॉट घेताना ओहम, दांड्याची लांबी आणि दांड्याची सपाट बाजू जुन्याशी जुळवून घ्या. जुना दुकानात बरोबर न्या. बसवताना स्टिक मध्यावर असताना पॉटही साधारण मध्यावर असला पाहिजे. सोल्डर करताना गन दोन-तीन सेकंदांहून जास्त टेकवू नका, आतलं प्लास्टिक वितळतं. मला विचाराल तर सोल्डरची सवय नसलेल्याने पूर्ण गिंबलच बदलावा. प्लग काढा, चार स्क्रू काढा, नवा बसवा. डावा-उजवा आणि मोड बघून मागवा. काही रेडिओंसाठी पॉटच्या जागी हॉलचा गिंबलही मिळतो.

१०. हॉल सेन्सर असेल तर

इथे अल्कोहोल ओतून काही होत नाही, घासणारं काही नाहीच. बघायचं ते चुंबक: दांड्यावरून सैल झालंय का, त्यावर लोखंडाचा कीस चिकटलाय का. कीस चिकट टेपने उचला. वायरी मात्र पॉटसारख्याच तुटतात, तिथे आठवी पायरी लागू. आणि बाहेरचं चुंबक जवळ आणू नका. मोबाइलचं चुंबकाचं कव्हर रेडिओला टेकवून आकडे बघा, काही रेडिओंत ते सरकलेले दिसतील. माझं ते फ्रिजखालचं चुंबकही आता रेडिओच्या टेबलावर येत नाही.

११. बंद करून पुन्हा उडण्याआधी

प्लास्टिकमध्ये स्क्रू बसवताना आधी उलटा फिरवा. एका जागी टक् असं बोटाला जाणवतं, तिथे जुना आटा सापडलेला असतो. तिथून सरळ आवळा. असं केलं नाही तर दर वेळी नवा आटा पडतो आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी सगळेच आटे जातात.

मग पुन्हा कॅलिब्रेशन, पुन्हा चार प्रयोग, ट्रिम शून्यावर. रेडिओ उघडला होता म्हणजे अँटेनाची वायरही हलली असणार, तेव्हा रेंज चेकचा मोड वापरून पुस्तिकेत दिलेल्या अंतरावरून दोन्ही स्टिकचे चारही अक्ष चालवून बघा. प्रॉप अजून काढलेलाच असू द्या आणि एकदा मुद्दाम रेडिओ बंद करा: फेलसेफमध्ये, म्हणजे सिग्नल तुटल्यावर, मोटर थांबली पाहिजे.

ठेवायचं कसं तेही सांगतो. ॲक्टिवाच्या डिकीत रेडिओ कोंबून वर हेल्मेट ठेवणं हे माझ्या पॉटच्या मरणाचं निम्मं कारण असणार. स्टिक वाकून दाबली जाते आणि उन्हात आत भट्टी होते. आता स्टिकवर कडक झाकण बसतं आणि रेडिओ पाठीवरच्या सॅकमध्ये जातो. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर. मागच्या झाकणाच्या आत एक कागदाची पट्टी चिकटवली आहे, तिच्यावर कधी काय साफ केलं, काय बदललं त्याच्या तारखा.

गिंबल बदलल्यावरच्या रविवारी ट्रेनर चांगलं उंच नेलं, सरळ केलं आणि स्टिक सोडून दहा आकडे मोजले. सातव्या आकड्याला ते डावीकडे कललं. काळजात धस्स झालं, स्क्रीन बघितली तर पट्टा मध्यावर दगडासारखा स्थिर. काका मागून म्हणाले, "अरे, वारा आहे आज."